घागरा, लुगडं आणि कुकडीचा डोह

या ग पोरींनो, अशा जवळ सरका. लांब बसलात तर मला ओरडून सांगावं लागतं, मग आजी ओरडते म्हणून तुम्हीच रुसता. काल सकाळी नदीच्या शेवाळलेल्या दगडांवरून कोण उड्या मारत होतं, ते मी पाहिलंय बरं. डोळे अधू झालेत, पण इतकेही नाहीत. आता गुमान बसा आणि ऐका.

मी तेव्हा नुकती परकर सोडून लुगड्यात आले होते. आमचं गाव कुकडीच्या काठी, जुन्नरच्या बाजाराला चालत जाऊन यावं एवढ्या अंतरावर. गावात मारवाडी शेठजींचं एकच दुकान. जैन माणसं, पिढ्यान्‌पिढ्या इथलीच झालेली. त्यांच्या घरी नवी सून आली, माझ्याच वयाची, पण थेट राजस्थानातली. तिच्या माहेरी पाणी म्हणजे खोल विहिरीच्या तळाला चमकेल तेवढं. वाहती नदी तिनं आमच्याकडंच पहिल्यांदा पाहिली. दिवसभर बिचारी चुलीपाशी. सकाळी नदीवर यायची तेवढीच तिला मोकळी हवा. तिथंच आमची गट्टी जमली.

त्यांच्यात पाणी फडक्यातून गाळून घेतात. फडक्यावर राहिलेले बारीक जीव मरू नयेत म्हणून ते जिथले तिथंच, हलक्या हातानं पाण्यात सोडायचे. काठाला उथळात आम्ही बाया धुणी बडवत असायचो. तिथं जिवांचा काय निभाव लागणार, असं तिला वाटायचं. म्हणून ती डोहाकडच्या दगडावर जाऊन वाकायची.

एक दिवस वाकली ती गेलीच. आधी घागरा टोपलीसारखा फुगून वर आला आणि ती त्यात बसल्यासारखी दिसली. आम्ही हसलोसुद्धा. मग त्या एवढ्या घेरात पाणी शिरलं आणि घागराच तिला खाली ओढायला लागला.

मी उडी मारणार, तेवढ्यात आईनं माझी वेणी धरली. म्हणाली, "तू गेलीस तर दोघींना काढावं लागंल. खाली बस, पाय रोव."

आईच्या हातात पिळलेलं लुगडं होतं, नऊवारी, चांगलं लांब. त्याचं एक टोक तिनं फेकलं, दुसरं आम्ही बायांनी धरलं, सगळ्या दगडाला पाय लावून बसलो. पहिल्यांदा तिचा हात चुकला. दुसऱ्यांदा तिनं पदर धरला आणि आम्ही ओढली. काठाला आल्यावर खोकून खोकून बाईसाहेब पहिलं काय बोलल्या? "माझं फडकं वाहून गेलं."

पण घरी सासूनं, म्हणजे शेठाणीबाईंनी, नदी बंद केली. पाणी आता दुसरं कुणीतरी आणील. मी गुळाच्या निमित्तानं दुकानात गेले, तर दाराआड ती डोळे पुसत उभी. मी आईच्या मागं लागले आणि आई गेली शेठाणीबाईंकडं. सुनेला तरंगायला शिकवते म्हणाली. त्या म्हणाल्या, पाण्यात हातपाय आपटायचे म्हणजे किती जीव मरतात, आम्हाला पाप लागतं.

आई शांतपणे म्हणाली, "शेठाणीबाई, पडली त्या दिवशी तिनं डोह ढवळला, तेवढा आमी साऱ्याजणी वरीसभरात ढवळत न्हाई. निपचित पडून तरंगायला शिकली तर तिचाबी जीव वाचंल आन्‌ तुमच्या त्या जिवांचाबी."

शेठाणीबाईंनी पदर तोंडाला लावला. आतून हसत होत्या, ते खांद्यावरून कळत होतं. मग म्हणाल्या, शिकवा, पण तिनं आपलं आपण बाहेर येऊन मला दाखवलं पाहिजे, आणि जवळपास पुरुष माणूस नको.

दुपारी पुरुष रानात गेले की आम्ही कमरेएवढ्या पाण्यात उतरायचो. घागऱ्याऐवजी माझं जुनं लुगडं तिला कासोटा घालून नेसवलं, तर ती पाय फाकवून बदकासारखी चालायला लागली. वाळलेले भोपळे आई तिच्या काखेखाली बांधायची. कमरेला बांधले तर घसरतात, मग पाय वर आणि डोकं खाली. घाटमाथ्याकडं आभाळ भरलं किंवा पाणी गढूळ दिसलं की त्या दिवशी सुट्टी. इथं ऊन असलं तरी वरचा लोंढा न सांगता येतो.

शेवटी शेठाणीबाई येऊन काठावर बसल्या. सून भोपळ्यांशिवाय उताणी पडली, आभाळाकडं बघत, हात नुसते पानासारखे हलवत. हळूहळू काठाला लागली आणि स्वतःच्या पायांनी वर आली. माझ्या आईचे ओठ सारखे देवाचं नाव घेत होते.

शेठाणीबाईंनी धुण्याच्या दगडांपलीकडं बोट दाखवलं. म्हणाल्या, "उद्यापासून जा. पण फडकं डोहावर नाही. ह्या बाया धुणं धुतात त्याच्या वरच्या अंगाला, उथळात बसून धुवायचं."

एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी कुणाला सुचली नव्हती.

ती अजून आहे हो, त्याच घरात, दात पडलेत पण हसणं तेच. परवा विचारत होती, पोरींना पाण्यात कधी उतरवायचं? उन्हाळ्यात नदी शांत असते, आम्ही दोघी काठावर बसू. तुमच्या आयांना सांगा, आणि उन्हाळा लागला की लवकर या ग.