सायकलच्या स्पोकचा तुकडा

बाबांच्या तेरवीला पाहुणे जेवत असतानाच दादाने आईकडे मोटारसायकलची चावी मागितली. मीही मागितली. गाडी चार वर्षांपासून बंद होती, घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये उभी. आईने चावी साखरेच्या डब्याखाली सरकवली आणि वाढता वाढता निकाल दिला, "माह्यं डोकं खाऊ नका. जो चालू करन, गाडी त्याची. मोठ्याले पहिले, पोळ्यापर्यंत. नाही जमलं तर लहान्याची."

पोळ्याची मुदत तिने उगाच घातली नव्हती. गावचे बैल विकून आम्ही नागपूरला आलो तेव्हापासून बाबा पोळ्याला ही मोटारसायकल धूत, हँडलला बाशिंग बांधत, हेडलाइटला कुंकू लावत आणि पुढच्या चाकासमोर पुरणपोळी ठेवत. शेजारी हसत. बाबांनी प्रथा मोडली नाही. गाडी बंद पडल्यावरही ते तिला ढकलत अंगणात आणत.

दादा हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर आहे. मी सदरमधल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत नोकरी करतो आणि तिथेच जवळ भाड्याने राहतो. घरात कामाचा माणूस तो, बसून खाणारा मी, अशी वाटणी फार आधी झालेली होती आणि ती तो विसरू देत नसे. पहिल्या रविवारी मी शेडच्या दाराशी उभा राहिलो तेव्हा त्याने मान वर न करता विचारलं, "काहून पाहून राहिला गा? बातमी द्याची आहे का?"

"पाहून राहिलो फक्त."

"पाहा. पैसे नाही लागत. हात मात्र लावू नको."

मी हात लावला नाही.

इंजिन उघडायचं तर आधी सिलिंडर काढावा लागतो, आणि तो चार लांब बोल्टांवर बसतो. हे बोल्ट खाली इंजिनच्या ॲल्युमिनियमच्या चेंबरमध्ये आट्यांनी घट्ट बसवलेले असतात. तीन बोल्टांचे नट सुटले. चौथ्याचा नट गंजून बोल्टालाच चिकटला होता. अशा वेळी नटासोबत अख्खा बोल्ट फिरून बाहेर येतो. हा फिरला नाही. दादाने डिझेल सोडलं, दुसऱ्या रविवारी गॅसच्या बत्तीने चेंबर तापवलं, मग पान्याच्या दांडीत दोन फुटी पाईप घातला आणि जोर लावला. बोल्ट चेंबरच्या तोंडाशी तुटला.

तो का फिरला नाही, हे मला माहीत होतं.

दादा मौद्याला कंत्राटी कामावर असताना त्याच जागचे आटे एकदा घासून गेले होते. बाबांनी भोक मोठं करून जाड बोल्ट बसवला. तो सैल होईल ही भीती त्यांना होती. म्हणून त्यांनी चेंबरच्या कुशीतून आडवं भोक पाडलं, बोल्टातही अर्ध्यापर्यंत नेलं, त्यात सायकलच्या स्पोकचा तुकडा ठोकला आणि तोंड कानशीने सपाट केलं. वरून काळा रंग. उजेडासाठी बॅटरी मी धरली होती. तो तुकडा बारीक ड्रिलने काढला असता, तर बोल्ट हाताच्या पान्याने सुटला असता. हे सांगायला एक वाक्य लागलं असतं. ते मी सांगितलं नाही. पोळ्याला चार आठवडे उरले होते.

तिसऱ्या रविवारी त्याने तुटलेल्या बोल्टाच्या मधोमध भोक पाडलं आणि त्यात इझी-आऊट घातला. हा उलट्या आट्यांचा, फार कडक पोलादाचा तुकडा असतो. तो उलटा फिरवला की तुटक्या बोल्टात रुतत जातो आणि त्याला घेऊन बाहेर येतो. दादाचं भोक बरोबर मध्यात होतं. त्याच्या हातात खोट नव्हती. त्याने अर्धा फेरा मारला, थांबला, पुन्हा जोर दिला. काच तडकावी तसा आवाज आला आणि इझी-आऊट आतच तुटला.

त्याच्यावर ड्रिल चालत नाही. ड्रिलचंच टोक जातं. दादाने तीन ड्रिल घालवले, मग पंच लावून हातोडीने तो तुकडा फोडू लागला. पुढचे दोन रविवार तेच चाललं. आई चहा घेऊन आली, आवाज ऐकून दारातूनच म्हणाली, "तोडून टाकशील रे बापा."

"तोडलंच आहे," मी म्हणालो.

"तू चूप बैस," दादा म्हणाला. "टाइप करणारे हात तुहे. याले मनगट लागते."

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याने चेंबर डिझेलने धुतलं आणि तारेच्या ब्रशने घासलं. काळा रंग गेला. मी शेडमध्ये गेलो तेव्हा त्याचं बोट चेंबरच्या कुशीवर होतं. तिथे काडीच्या गुलाएवढा, वेगळ्या धातूचा ठिपका होता.

"हे काय आहे?"

"स्पोक."

"तुले कसं माहीत?"

"बाबांनी ठोकला तेव्हा बॅटरी मी धरली होती."

त्याने ठिपक्यावरून नख फिरवून पाहिलं. मग हात पुसत म्हणाला, "मग सांगितलं काहून नाही?"

"तू विचारलं नाही."

त्याने हातोडी खाली ठेवली, फेकली नाही. हत्यारं एकेक मोजून पेटीत भरली आणि न जेवता निघून गेला नाही, शांतपणे जेवला. माझ्या ताटाकडेही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी आईने इंजिनचा वरचा भाग नसलेल्या गाडीला बाशिंग बांधलं, पुरणपोळी ठेवली आणि चावी मला दिली.

स्पोक मी काढला. आता बोल्ट सुटायला हरकत नव्हती, पण पकडायला काही उरलं नव्हतं. पंचाच्या घावांनी त्याचं तोंड चेपून चेंबरच्या कडेत बसलं होतं आणि आत कडक पोलाद. एका गॅरेजवाल्याने चेंबर पाहून परत केलं. दुसरा म्हणाला, ठिणगीने पोलाद खाणारं मशीन असतं, त्याचं हे काम आहे, चेंबरला ओरखडाही येत नाही. कुठे मिळेल विचारल्यावर त्याने दादाच्याच कारखान्याचं नाव घेतलं. तिथल्या टूलरूममध्ये आहे.

मी दादाला फोन केला. "तुमच्याकडं ते मशीन आहे?"

"आहे ना."

"मग तू तेव्हाच काहून नाही नेलं?"

"वीस वर्षांपासून फिटर आहो मी. स्वतःचा तुटलेला इझी-आऊट घेऊन टूलरूममंधी जाऊ? हसाले? आता गाडी तुही आहे. तुह्यासाठी नेलं तर कोणी नाही हसणार."

"मग हे मले आधी सांगितलं काहून नाही?"

"तू विचारलं नाही," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

चेंबर माझ्या बाल्कनीत जुन्या अंकांवर ठेवलेलं आहे. तेलाचा डाग चौथ्या पानापर्यंत उतरला आहे. 'नेऊन देशील का' एवढंच विचारायचं आहे. आईने दोनदा आठवण करून दिली. पुढचा पोळा पाच महिन्यांवर आहे. मी अजून विचारलेलं नाही.