इष्टलिंग पाळकीणबाईंच्या हातात

संगीत नाटकातली बाई ख्रिस्ती गाण्यांचा अल्बम करणार, हे कळल्यावर परभणीतल्या माझ्या ओळखीच्या निम्म्या लोकांनी मला वेड्यात काढलं. उरलेल्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "म्हणजे तुमी आता त्यांच्यातल्या झाल्या का?" मी म्हणायचे, "नाटकात मी कितीदा मेले, तरी सकाळी उठून चहा पिलाच की!" एवढं म्हटलं की लोक गप्प बसतात. मला लोकांना गप्प बसवायला आवडतं, ही माझी खोडच आहे.

खरं म्हणजे नाटकं आता वर्षाकाठी दोन-चार उरलीत. बाकी मी गाणं शिकवते. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीची आई म्हणजे चर्चच्या पाळकसाहेबांची बायको. सगळे त्यांना पाळकीणबाई म्हणतात. शाळेत मास्तरीण, बोलायला लागल्या की श्वास घ्यायच्या नाहीत. अल्बम करायचा होता तो त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी पेटी-तबल्यावर गातात त्या जुन्या मराठी गाण्यांचा. नीट चाली माहीत असलेली म्हातारी माणसं कमी कमी होत चालली होती. "ताई, तुमच्या गळ्यात ही राहतील," बाई म्हणाल्या. चाली ऐकल्या आणि मी पाघळले. दोन गाणी तर चक्क भीमपलासात, आमच्या नाट्यपदांच्या सख्ख्या बहिणी शोभतील अशी.

आई माझ्याजवळच राहते. मूळची मानवतची, पक्की लिंगायत. मला वाटलं होतं ती अडवेल. तर म्हणाली, "देवाचंच नाव हाय ना? मग गा की. निस्तं लिंगपूजा चुकवू नको."

आमच्यात इष्टलिंग, म्हणजे शिवाचं छोटं लिंग, गळ्यात असतं, लहानपणी स्वामींनी दिलेलं, चांदीच्या डबीत. सकाळी डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि परत गळ्यात घालायचं. अंगावेगळं करायचं नाही, कधीच नाही. आई तर म्हणते, ते अंगावरून गेलं की माणूस जितं राहून मेलं. नाटकात मी नायकिणी केल्या, जोगिणी केल्या, एकदा तर पुरुषाचं काम केलं. वरचा साज बदलला, पण चोळीच्या आत डबी तशीच. आई विंगेत बसून असायची, प्रयोग संपला की आधी माझ्या गळ्याला हात लावून बघायची. त्या एका गोष्टीत तिनं माझ्यावर सगळा भरवसा टाकला होता.

रेकॉर्डिंग एका मोबाइलच्या दुकानावरच्या खोलीत होतं. पंखे बंद, घामाच्या धारा. सात गाणी झाली. शेवटचं राहिलं, ते क्षमेचं. तेवढ्यात आतून रेकॉर्डिंगवाल्याचा आवाज आला, "मॅडम, काहीतरी किटकिट वाजायलंय."

बांगड्या काढल्या. मंगळसूत्र काढलं. तरी किटकिट. मग मलाच कळलं. डबीचं सैल झाकण आता पुरतंच ढिलं झालं होतं. "सोनाराकडून घट्ट करून आण," असं आई किती दिवस कानीकपाळी ओरडत होती, आणि मी आज जाते उद्या जाते करत होते. मी डबीभोवती रुमाल गुंडाळला. श्वास भरला की पुन्हा किट! नाटकातला माणूस छाती भरून गातो, त्याला जपून गाता येत नाही. तबलजी नांदेडहून आलेला, त्याची गाडीची वेळ होत आलेली. माझा आवाज मात्र त्या दिवशी असा लागला होता की काय सांगू! तो सोडून घरी जायचं माझ्या जिवावर आलं. उद्या येऊ, एवढे दोन शब्द मी बोलायला हवे होते. नाही बोलले.

मी डबीचा दोरा डोक्यावरून काढला. कुठं ठेवायचं? खुर्चीवर नाही, जमिनीवर तर नाहीच. पाळकीणबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी पटकन हात पुढं केला. "द्या माझ्याजवळ. आमच्या शाळेतल्या बाईंच्या गळ्यात असतं, मला माहीत हाय. खाली ठेवणार न्हाई मी."

गाणं सुरू झालं. मी तुला सोडून लांब गेले, मला परत जवळ घे, असा काहीसा त्या कडव्याचा अर्थ. मी समोर बघितलं तर बाई डाव्या तळहातावर डबी धरून, उजव्या हाताचा आडोसा करून, हूं की चूं न करता उभ्या. एक डास त्यांच्या नाकावर बसला होता, तरी हलल्या नाहीत. माझ्या छातीवर मात्र रिकामं. तिथंच माझा आवाज फाटला. डोळ्यांतून पाणी, सुरात कंप, तरी मी गात राहिले, कारण थांबायचं मला शिकवलंच नव्हतं कुणी.

गाणं संपलं. "हाच टेक ठेवायचा," आतून आवाज आला. बाई स्वतः रडत होत्या. डबी माझ्या हातात देत म्हणाल्या, "ताई, प्रभूनं स्पर्श केला तुमाला." मी मान हलवली. हो म्हणाले नाही, पण नाहीही म्हणाले नाही. घरी आईनं गळ्याला हात लावला, डबी होती. "झालं का सगळं नीट?" "झालं," मी म्हणाले, आणि डोकं दुखतंय सांगून न जेवता पडले. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

अल्बम निघाला. आईनं मोबाइल कानाला लावून आठही गाणी ऐकली. शेवटचं संपलं तशी म्हणाली, "हे नाटकातलं रडणं न्हाई. काय झालतं तितं?"

आईला माझं खोटं रडणं तोंडपाठ. मी सगळं सांगितलं.

तिनं मोबाइल खाली ठेवला. मग विचारलं, "त्या बाईनं खाली ठेवलं न्हाई ना?"

"न्हाई."

"तिला जेवायला बोलव."

मला वाटलं, सुटले. कसली सुटतेय!

रविवारी प्रार्थना झाल्यावर बाई आल्या. आईनं पुरणपोळीचा घाट घातला होता. बाई पाटावर बसायच्या आधीच आईनं विचारलं, "कोणत्या हातावर धरलतं?" बाईंनी गोंधळून डावा हात पुढं केला. आईनं तो आपल्या दोन्ही डोळ्यांना लावला. बाई लाजून पाटावर बसत म्हणाल्या, "अहो आई, हे काय करायल्या! उलट तुमच्या लेकीचे उपकार हायेत आमच्यावर. देवानं असं रडवलं हो तिला त्या दिवशी."

"रडवंल न्हाई तर काय?" आई म्हणाली. "त्याला गळ्यातून काढून गायली ती."

तिनं रागानं म्हटलं नाही. बाईंच्या ताटात तूप वाढता वाढता म्हटलं, माझ्याकडे न बघता. मी सगळं सांगितलं त्या दिवसापासून तिनं माझ्या गळ्याला हात लावला नव्हता.

बाईंचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या गळ्याकडे पाहिलं. "आमी दर रविवारी तेच गाणं लावायलोत, ताई," त्या हळूच म्हणाल्या. "बायका रडायल्यात ऐकून. मग त्या रडण्यात आमच्या प्रभूचं काय होतं?"

काहीच नव्हतं. आणि आठांत तेच गाणं सगळ्यांत चांगलं झालं होतं.