पोपटी साडीचा टाका

माझ्या पीएच.डी.चं चौथं प्रकरण आईने मेथी निवडता निवडता पाडलं, हे मी अजून कॉलेजात कुणाला सांगितलेलं नाही.

प्रबंध द्यायला दहा दिवस उरले होते. शेवटचा हात फिरवायला मी देवळालीला घरी आले होते. विषय असा: अणू कधी एकटा नसतो, त्याच्याकडची माहिती भोवताली सांडत राहते. कधी ती परतही येते, म्हणजे भोवतालाला आठवण असते. माझ्या गणितात ती परत आली होती, आणि मी छाती फुगवून लिहिलं होतं की ही आठवण क्वांटम आहे.

"परत आली म्हंजे लई भारी झालं व्हय?" मी हे सांगितल्यावर आई म्हणाली. "आहेराची साडी बी येती की परत."

आमची पोपटी साडी तशी आली होती. घरात कुणालाच आवडत नव्हती, म्हणून आईने ती एका लग्नात पुढे सरकवली. त्याआधी खुणेसाठी पदराच्या आत लाल दोऱ्याचा टाका घातला. दोन वर्षांनी सावेडीच्या मावशीने तीच आम्हाला दिली, टाक्यासकट! आईने ती पुन्हा वाटेला लावली.

हसता हसता मला माझं प्रकरण आठवलं. मध्येच भोवतालात डोकावून खूण केली, तरी माहिती तशीच परतत असेल, तर ती आठवण साधीच, वहीत टिपून ठेवता येईल अशी. डोकावल्याने परतणंच मोडलं, तर ती क्वांटम असू शकते. मी टाका घातलाच नव्हता.

तीन दिवस लॅपटॉप घेऊन पडवीत बसले. चहा विचारणाऱ्याच्याही अंगावर धावून गेले. गणितात टाका घातला, तरी आलेख तस्साच वर चढला. म्हणजे साडीच. मी उशीत तोंड खुपसून रडले, मग आईवर चिडले, जणू तिनेच अणू बिघडवला होता. शेवटी दावा खोडला आणि साधी आठवण ओळखायची रीत तेवढी लिहिली.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी पहिलंच विचारलं, "हे साध्या नोंदींनीही जमलं असतं का, तपासलंत?"

"तपासलं, सर. जमतं."

पास झाल्याचं कळताच मावशी सावेडीहून साडी घेऊन आली. पोपटी. मी पदर उलटून पाहिला, तर लाल टाका जागेवर होता. मला इतकं भरून आलं की तिथल्या तिथे साडीची घडी मोडली.

आईने मला स्वयंपाकघरात ओढलं. "नेसलीस? येडी का काय तू! आईतवारी बारसं हाय, आता त्यांला काय देऊ?"