घोड्याला पाणी कुठं पाजलं?

मंडळी, आजचा राग उतरेना, म्हणून आपल्या वाचनालयाच्या फळ्यावरच लिहून राह्यलो.

निजामी गेल्यावर कुठं हसनाबादेत पुस्तकं आली. आज पारावर मी माझ्या आवडत्या अमेरिकन कादंबरीकाराचं पुस्तक मराठीत सांगत मोठ्यानं वाचलं. जन्मभर त्यानं घोडेस्वारांच्याच गोष्टी लिहिल्या, अन् त्या धडाधड खपल्या. ह्यातला नायक वाळवंटात तीन दिवस दरोडेखोरांमागं घोडा पळवतो.

मेंढरं राखणारे काशाबा मधीच म्हणले, "मास्तर, घोड्याला पाणी कुठं पाजलं?"

"पुढं ऐका की!"

"न्हाई, आधी पाणी."

मी पानं चाळली. थेंबभर पाणी सापडलं न्हाई. मंग सगळे उठूनच गेले.

लेखकानं आपला उन्हाळा पाह्यला न्हाई. पण मी तर इथलाच, रोज आडावर ताटकळणारा. हे पुस्तक चार वेळा वाचलं. मला एकदाही तहान कशी लागली न्हाई?