भोंगा झाला आणि लॉरी थांबली

मैत्रिणींनो, माझं लग्न ठरवताना बाबा म्हणाले होते, "गिरणीतला मुलगा आहे, भोंगा झाला की घरी येईल."

आता गिरणी सोडून ह्यांनी जुनी लॉरी घेतलीय. आज पहिलं भाडं होतं, कॉटन ग्रीनहून परळला कापसाच्या गाठी. हट्टानं मी शेजारी बसले. भिंतींवरचं 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' मागे सरकत होतं आणि मी तरंगत होते.

लालबागला भोंगा झाला. ह्यांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"झोपलास काय रे?" मागचा हातगाडीवाला ओरडला.

"पाळी सुटली असं वाटलं," हे लाजून मला म्हणाले.

उद्या हे पहिल्यांदाच कसारा घाट चढणार, तेही एकटे. कधी परततील, कुणी सांगू शकत नाही. "घाटात बाईमाणूस नको," म्हणतीलच. तरी विचारणार आहे: अहो, उद्या मलाही न्याल?