वाकवलेल्या सळया

निजामी राजवटीचं शेवटचं वर्ष. शेतातल्या पाण्याच्या टाकीखाली काँक्रीटचे ठेंगणे खांब घालायचे होते, म्हणून मी शहागंजातल्या एका भंगारवाल्याकडे सळया घ्यायला गेलो. तो प्रत्येक सळई दगडाच्या खाचेत अडकवून तिची दोन्ही टोकं वाकवायचा, मगच माझ्याकडे द्यायचा. नजर सारखी माझ्या हातांवर.

मला वाटलं, हा मापात मारतोय. म्हणालो, "सरळच द्या, गवंडी वाकवील."

"नाय," तो म्हणाला. "सरळ सळई कुठंबी जाती, भाऊ. वाकवलेली खांबातच जाती."

त्या दिवसांत गावोगावी सळयांचे भाले होत होते. मी त्याला चोर समजत होतो. तो मला काय समजतोय हे कळल्यावर पुढची सळई मीच खाचेत धरली.