पेंग्विनच्या खोक्यातला खुनी

आमचे हे जहाजावर चीफ इंजिनिअर आहेत. कंपनी ह्यांच्या हाती अख्खं जहाज विश्वासाने सोपवते. मी व्हिडिओ कॅसेटसुद्धा सोपवणार नाही.

वाचणारे म्हणतील, बाई रागावलेली दिसते. हो, आहेच रागावलेली! इतकी वर्षं झाली, तरी टीव्हीवर पेंग्विन दिसला की माझं डोकं फिरतं. (पक्ष्यावर राग नाही. त्या बिचाऱ्याने माझं काय वाकडं केलंय?)

नव्वदीतली गोष्ट. आम्ही सिंगापूरला, क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये राहायचो. लिव्हरपूलहून सुट्टीवर घरी येताना ह्यांनी माझ्यासाठी एका ब्रिटिश रहस्यमालिकेचा संच आणला. सहा कॅसेट्स, सहा भाग, एक खून! सोबत दुकानदाराने पेंग्विनांवरचा एक माहितीपटही ह्यांच्या गळ्यात मारला होता. पण सिंगापुरात बाहेरून कॅसेट आणली की ती आधी सरकारी माणसं बघणार, मग आपण. म्हणजे खून कोणी केला हे सरकारला माझ्या आधी कळलं! माझं डोकं तापलं ते तिथूनच.

कॅसेट्स सुटून आल्या, आणि आम्हा जहाजवाल्यांच्या बायकांचा बेत ठरला. दर रविवारी दुपारी आमच्याकडे एक भाग, मग चहा, मग भांडण. पहिल्याच रविवारी मी सांगून टाकलं, "खून डॉक्टरने केलाय. नजर बघा मेल्याची!"

आमच्याच ब्लॉकमधल्या शैलाताईंनी नाक मुरडलं. "छे हो! बहिणीने केलाय. भाऊ मेल्यावर एवढे मोती घालून कोणी रडतं का?"

शब्दाने शब्द वाढला आणि पैज लागली. जी हरेल तिने दिवाळीला सगळ्यांच्या घरी पुरतील एवढ्या चकल्या करायच्या. त्याही घरी भाजणी करून! आता मला सांगा, माझ्या चकल्या मऊ पडतात हे शैलाताईंना माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं! म्हणूनच त्यांनी पैजेत चकल्यांचा विषय काढला. मला ही पैज जिंकायचीच होती.

शत्रू मात्र घरातच होता. ह्यांना कुठल्याही गोष्टीचा शेवट आधी बघायची खोड, आणि बघितला की तो पोटात राहत नाही. म्हणून मी सहाव्या भागाची कॅसेट काढून पेंग्विनच्या खोक्यात घातली आणि पेंग्विन सहाव्याच्या खोक्यात. आमच्या घरात पेंग्विन बघायला कोण मरायला जातंय! स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश झाले की ती हुशारी आठवडाभरात साफ विसरून गेले.

मग ह्यांची निघायची वेळ आली. बॅग भरताना बघते तर काय, जहाजावर न्यायला सगळ्या मारधाडीच्या कॅसेट्स! मी भडकले.

"वयाला शोभेल असं काही बघा की जरा!"

"अगं, इंजिनरूममधून दमून आल्यावर..."

"हे न्या! पेंग्विन! चार गोष्टी कळतील!"

"पेंग्विन? नको गं."

"न्या म्हणते ना!"

नेले! मुकाट्याने नेले!

शेवटचा रविवार उजाडला. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. मी थाटात सहाव्याचं खोकं उघडून कॅसेट व्हीसीआरमध्ये सरकवली. पडद्यावर बर्फ. बर्फावर पक्षी.

"खून बर्फात झाला होता का हो?" शैलाताईंनी विचारलं.

"थांबा हो! मागची गोष्ट दाखवत असतील," मी ठसक्यात म्हणाले.

आम्ही थांबलो. पक्षी इकडून तिकडे गेले. तिकडून इकडे आले. एकाने अंडं पायावर घेतलं. इन्स्पेक्टरचा पत्ता नाही! मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि मी पेंग्विनचं खोकं शोधत कपाटाकडे धावले.

"ते तर पपाकडे आहे," आमची लेक मुक्ता चिप्स खात, सिंगापुरी इंग्रजी झाडत म्हणाली. "यू गेव्ह हिम, लाह!"

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. शेवटी डर्बनहून ह्यांचा फोन आला. शैलाताईंना हा वास कसा लागतो देव जाणे, पण त्या हजर होत्या. माझ्या कानाला कान लावून!

"अगं, पेंग्विनच्या खोक्यात खून निघाला! सगळ्या जहाजाने बघितला. झकास होता!"

"कोणी केला?"

"कोणी काय केला?"

"खून हो, खून!"

"आम्हाला काय माहीत? आम्ही पहिले पाच भाग कुठे बघितलेत? बरं, मेलं कोण होतं?"

"मेलेल्याचं मरू दे! शेवटी पोलिसांनी नेलं कोणाला?"

"एका बाईला. दोन्ही बाजूंनी धरून गाडीत बसवली. हुंदके देत होती. गळ्यात मोत्यांची माळ होती बघ."

"मोती!" शैलाताई माझ्या कानात किंचाळल्या.

"ती कॅसेट आत्ताच्या आत्ता जपून ठेवा," मी दात ओठ खात म्हणाले.

"ती कुठली आता? बंदरात शेजारच्या जहाजाशी बदलली. एका खुनाचे दोन हिंदी सिनेमे मिळाले. नुकसान नाही!"

नुकसान नाही! दिवाळीत लिटल इंडियातून भाजणी दळून आणून मी चकल्या तळत बसले, तेव्हा हे कुठे होते? अटलांटिकमध्ये, हिंदी सिनेमे बघत! चकल्या मऊच पडल्या. शैलाताईंनी दातही न लावता खाल्ल्या, आणि तसं सगळ्यांना बोलूनही दाखवलं.

पुढच्या वर्षी शैलाताईंचे यजमान जहाजावरून परतले ते पेंग्विनचं खोकं घेऊन. ह्या बंदरातून त्या बंदरात, ह्या जहाजावरून त्या जहाजावर हिंडत कॅसेट आमच्याच ब्लॉकमध्ये आली होती. आम्ही सगळ्या पुन्हा जमलो, ह्या वेळी शैलाताईंकडे. शेवट आला. पोलिसांनी बेड्या घातल्या त्या डॉक्टरला! बहिणीला बिचारीला भोवळ आली होती, म्हणून धरून गाडीत बसवत होते. ह्यांच्या लक्षात राहिली ती नेमकी तेवढीच!

"डॉक्टर!" मी उभी राहून ओरडले. "पहिल्या दिवसापासून सांगतेय, डॉक्टर!"

"असेल हो," शैलाताई म्हणाल्या. "पण आता चकल्या परत कशा देणार?"

घरी आले ते पाय आपटत. हे सुट्टीवर आलेले, सोफ्यावर आडवे. मी सगळा राग ह्यांच्यावर काढला. "लग्न झाल्यापासून बघतेय, माझं म्हणून तुम्ही कधी काही ऐकलं नाहीत!"

"एकदा ऐकलं होतं," हे म्हणाले. "पेंग्विन नेले होते."